टाकी एक, नळ वेगळे



समजा, इंदूरमधल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर करसल्लागाराचं ऑफिस आहे आणि समोरच्याच दारात पॅथॉलॉजी लॅब. दोघं जुने मित्र. लॅबने इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, भिंतीतून एक केबल समोर नेली, बिल निम्मं-निम्मं. इंदूरऐवजी बडोदा म्हणा, हैदराबाद म्हणा, बेळगाव म्हणा. चित्र तेच.

यात वाईट काहीच नाही. फक्त कंपनीच्या अटी आधी वाचा, कारण काही अटींमध्ये दुसऱ्या व्यवसायाला जोडणी द्यायला मनाई असते. पण कनेक्शन वाटून घेताना या दोघांनी नकळत आणखी एक गोष्ट वाटून घेतली, ती म्हणजे नेटवर्क. आता लॅबमधल्या संगणकावरून करसल्लागाराचा प्रिंटर दिसतो, आणि कदाचित त्याचं सामायिक फोल्डरही. त्यात शेकडो लोकांची पॅन कार्डं आणि बँकेचे तपशील.

तुम्ही म्हणाल, "साहेब, आमचा एकमेकांवर विश्वास आहे." असू द्या की! प्रश्न मित्राचा नाही, मित्राच्या संगणकाचा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. एका संगणकात शिरला की तो त्याच नेटवर्कवरच्या, अपडेट न केलेल्या विंडोज संगणकांत आपोआप घुसायचा. तिथे कुणी चुकीची लिंक दाबायचीही गरज नव्हती.

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नोकरी केली. लष्करात दारूगोळा एकाच मोठ्या गोदामात भरून ठेवत नाहीत. कोठारं अंतर राखून बांधतात, मध्ये मातीचे बांध घालतात. शेजारच्या कोठारावरच्या पहारेकऱ्याविषयी संशय असतो म्हणून नव्हे, तर एक पेटलं तर दुसरं वाचावं म्हणून. आज तो मातीचा बांध कसा घालायचा, एवढंच सांगतो.

पहिला उपाय लोक सुचवतात तो गेस्ट वायफायचा. पाहुण्यांच्या मोबाइलसाठी तो ठीक आहे. पण केबलने जोडलेल्या संगणकांना त्याचा उपयोग नाही, आणि व्यवसायाचं खरं काम बहुधा त्यांच्यावरच चालतं.

दुसरा उपाय म्हणजे लॅबच्या राउटरमागे करसल्लागाराचा राउटर लावायचा. हे अर्धंच काम आहे. मागच्या राउटरमधले संगणक पुढच्या नेटवर्कपर्यंत पोहोचू शकतात, उलट मात्र सहसा नाही. म्हणजे करसल्लागार सुरक्षित, लॅब उघडी. दार एकाच बाजूने बंद!

तिसरा उपाय साधा आणि पुरेसा आहे : तीन राउटर. वरचा राउटर इंटरनेटला जोडलेला. त्याला खाली फक्त दोनच केबल, एक लॅबच्या राउटरला, एक करसल्लागाराच्या. वरच्याला दुसरं काही जोडायचं नाही आणि त्याचं वायफाय बंद ठेवायचं. खालच्या दोन्ही राउटरमध्ये वरून येणारी केबल 'वॅन' लिहिलेल्या पोर्टमध्येच गेली पाहिजे. ती 'लॅन' पोर्टमध्ये खोचली की बांध नाहीसा होतो. पत्त्यांची मालिकाही वेगवेगळी ठेवा. वरच्याला १९२.१६८.१, लॅबला १९२.१६८.१०, करसल्लागाराला १९२.१६८.२०. तिन्ही राउटरचे कारखान्यातून आलेले पासवर्ड त्याच दिवशी बदला.

एक अडचण येऊ शकते. पत्त्यांचं भाषांतर दोनदा होत असल्यामुळे बाहेरून थेट कॅमेरे पाहण्याची जुनी सोय बंद पडू शकते. ती आधी तपासून घ्या.

चौथा उपाय व्हीलॅन. एकच मॅनेज्ड स्विच आणि एक चांगला राउटर घेऊन पोर्टांचे दोन गट पाडायचे. संगणक जास्त असतील तर हाच नीटनेटका मार्ग. पण नुसते गट पाडून थांबू नका. अनेक राउटर दोन व्हीलॅनमधली वाहतूक स्वतःहून जाऊ देतात. 'या गटातून त्या गटात जायचं नाही' हा नियम फायरवॉलमध्ये आपण लिहावा लागतो.

वेग वाटायचा असेल तर वरच्या राउटरवर मर्यादा लावा. नाहीतर विवरणपत्रांच्या शेवटच्या तारखेला एकाचं काम अडेल आणि दुसऱ्यावर राग निघेल.

आता सर्वांत महत्त्वाचं. कवायत केल्याशिवाय मोर्चा तयार झाला असं लष्करात कुणी म्हणत नाही. करसल्लागाराच्या प्रिंटरचा पत्ता घ्या आणि लॅपटॉपवरून तो उघडून पाहा, आधी त्याच्याच ऑफिसमधून, मग लॅबमधून. आतून उघडला आणि लॅबमधून उघडला नाही, तरच बांध पक्का. मग हीच चाचणी उलट्या बाजूने करा. नुसत्या पिंगवर विसंबू नका. विंडोज अनेकदा पिंगला मुळातच उत्तर देत नाही, आणि ती शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे.

एक गोष्ट मात्र वेगळी होत नाही : बाहेरच्या जगाला दोन्ही ऑफिसं एकाच पत्त्यावरून दिसतात. काही गैर घडलं तर चौकशी आधी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येईल. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. त्या सहा तासांत सुरुवात कुणाच्या बाजूने झाली हे शोधायचं असेल, तर दोन नेटवर्क वेगळी असणं फार कामाला येतं. म्हणून एक पानाचा करार करा. कनेक्शन कुणाचं, वरच्या राउटरचा पासवर्ड कुणाकडे, बिघाड झाला तर फोन कुणी करायचा, हे त्यात लिहा आणि दोघांनी सह्या करा.

जुन्या वाड्यात पाण्याची टाकी एक असायची, पण प्रत्येक बिऱ्हाडाचा नळ वेगळा आणि चूलही वेगळी. त्याने शेजार तुटला नाही, उलट टिकला. एका ऑफिसात व्हायरस आलाच, तर दुसऱ्याने संशयाने बघू नये, मदतीला धावून यावं, असं वाटत असेल तर बांध आजच घाला. संकटाच्या दिवशी मैत्री त्यामुळेच वाचेल.

जय हिंद.