शून्य गळाले की पैसे अडकतात

आम्ही डोणगावच्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचे आहे गटाच्या यादीबद्दल. पूर्वी ती फक्त रजिस्टरात असायची, आता संगणकातही चढते. शहरात असा डेटाबेस सांभाळायला पगारी माणूस असतो. आपल्याकडे ते काम सीआरपी ताईच्या नाहीतर शिकलेल्या सुनेच्या गळ्यात पडते.

सगळ्यात जास्त घोळ खाते क्रमांकाचा. एक्सेलमध्ये क्रमांक टाकला की ते त्याला रक्कम समजते आणि सुरुवातीचे शून्य गाळून टाकते. क्रमांक १६ आकडी असेल तर आणखी वाईट. एक्सेल १५ आकडेच नीट धरते, सोळाव्याच्या जागी शून्य बसवते. डोळ्यांना सगळे ठीक दिसते, पैसे मात्र बाईच्या खात्यात येत नाहीत. म्हणून क्रमांक टाकण्याआधीच तो अख्खा रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. नंतर केल्याने गळालेले शून्य परत येत नाही.

आयएफएससी ११ अक्षरांचा. पाचव्या जागी नेहमी शून्य असते, इंग्रजी ओ नव्हे. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. तुमची यादी त्याआधीची असेल तर शाखेत विचारून कोड तपासून घ्या.

नावावर भिस्त ठेवू नका. एकाच गटात दोन सुनीता असतात, त्यात एकीची 'नी' आधारवर दीर्घ आणि पासबुकात ऱ्हस्व! प्रत्येकीला सदस्य क्रमांक द्या. ती गट सोडून गेली तरी तो दुसरीला देऊ नका, नाहीतर तिचे कर्ज हिच्या नावावर दिसेल.

यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसऱ्या घरी ठेवा. महिन्यातून एकदा ती उघडून पाहा; कित्येकदा आत काहीच नसते. आधार क्रमांकांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. कुणी मागितलेच तर शेवटचे ४ आकडे दिसणारे मास्क्ड आधार चालते का, ते आधी विचारा.

आणि यादी बँकेत देण्याआधी दोघी बसा. एकीने पासबुक वाचायचे, दुसरीने पडद्यावर बघायचे. क्रमांक शेवटून उलटा वाचा, म्हणजे सवयीने पुढचा आकडा तोंडात येत नाही.