लांब पल्ल्याची धाव : शर्यतीची निवड आणि तयारी

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर कायदा, आरोग्य, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर जाणकारांनी मार्गदर्शन केले आहे. त्याच ठिकाणी धावण्यावर आम्ही बोलावे, असा आग्रह कार्यकारिणीने धरला तेव्हा आम्हांस थोडा संकोचच वाटला. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. डॉक्टर नाही की क्रीडा प्रशिक्षक नाही. मात्र गेली काही वर्षे आमचा आठ-दहा जणांचा गट पहाटे धावतो. त्यातून जे अनुभवाला आले आणि रात्री जे वाचले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यापुढचे कोणतेही अंतर म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, ५० मैल, १०० मैल ही त्यातली रूढ अंतरे. काही शर्यतींत अंतर नव्हे तर वेळ ठरलेली असते. बारा किंवा चोवीस तासांत कोण किती अंतर कापतो ते मोजतात. एवढे धावून मिळते काय, असा प्रश्न आम्हांस घरात, बँकेत आणि वस्तीत सारखा विचारला जातो. मिळते ते बहुधा एक पदक आणि काळी पडलेली दोन नखे. तरीही माणसे का धावतात हे सांगण्यासाठी एका शर्यतीची हकीकत सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमध्ये ‘कॉम्रेड्स’ नावाची शर्यत होते. अंतर सुमारे ८७ ते ९० किलोमीटर. बहुतेक एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे म्हणजे ‘चढाची’ आणि पुढच्या वर्षी उलट म्हणजे ‘उताराची’. पीटरमॅरित्झबर्ग हे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले आहे. १८९३ साली तरुण बॅरिस्टर गांधींना वर्णावरून रेल्वेच्या डब्यातून उतरवले ते याच स्थानकावर. पहिल्या महायुद्धात लढून परतलेल्या व्हिक क्लॅफम या रेल्वे नोकराने युद्धात पडलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून ही शर्यत सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले, १६ जण पोहोचले. पहिला आलेला बिल रोवन ८ तास ५९ मिनिटांत पोहोचला.

आता येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. हे स्मारक सर्वांचे नव्हते. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली, म्हणजे तब्बल ५४ वर्षांनी. रस्ता सार्वजनिक, चढ सर्वांना सारखाच, पण नोंदवहीत नाव घालण्याचा अधिकार ठरावीक लोकांचा. या सभागृहात त्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. तरीही काही माणसे नोंदवहीची वाट पाहत बसली नाहीत. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड ही स्त्री अधिकृत क्रमांकाशिवाय धावली आणि पोहोचली. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचला. निकालपत्रात त्याचे नाव आले नाही. २०१९ पासून मात्र ठरावीक वेळेत पोहोचणाऱ्यांना ‘रॉबर्ट म्त्शाली’ नावाचे पदक दिले जाऊ लागले. १९८१ साली ब्रूस फोर्डाइस हा गोरा विद्यार्थी वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून धावला, लोकांची हुर्यो सोसली आणि जिंकला. पुढे तो एकूण नऊ वेळा जिंकला. १९८९ मध्ये सॅम त्शाबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला.

त्याच १९८९ सालची आणखी एक गोष्ट. कॉम्रेड्सला वेळेची मर्यादा असते. त्या काळी अकरा तास होती, पुढे बारा झाली. वेळ संपत आली की एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि घड्याळ पाहून बंदूक उडवतो. त्यानंतर एका सेकंदाने आलेल्यालाही पदक नाही. पाठ अशासाठी, की समोर कोण धडपडत येतो आहे ते त्याला दिसू नये. १९३० साली ही शर्यत जिंकलेला वॉली हेवर्ड १९८९ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी पुन्हा धावला आणि बंदूक उडायला दोन मिनिटेही शिल्लक नसताना आत आला. नियमाची ही निष्ठुरता आम्हांस आवडते. तेथे ओळख, वशिला, हुद्दा काही चालत नाही.

आता निवडीकडे वळू. आमच्या गटात नवीन येणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘सर्वांत अवघड शर्यत कोणती?’ हा प्रश्न चुकीचा आहे. आपल्या नोकरीला, घराला, खिशाला आणि गुडघ्यांना झेपेल अशी कोणती, हे विचारावे. पहिली अल्ट्रा आमच्या मते ५० किलोमीटरची, डांबरी रस्त्यावरची आणि घरापासून एका रात्रीच्या प्रवासात गाठता येईल अशी असावी. लोणावळ्याला अलीकडच्या वर्षांत अशी शर्यत होत आली आहे. फेऱ्या मारण्याच्या शर्यतींना काही जण नाके मुरडतात, परंतु नवख्याला त्याच सोयीच्या. दर फेरीला आपली पिशवी, आपली माणसे आणि थांबण्याची संधी समोर येते.

कॉम्रेड्सला जायचे तर आधी पूर्ण मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत धावल्याचा दाखला लागतो. अलीकडे ही मर्यादा ४ तास ५० मिनिटांची आहे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन त्यासाठी सोयीची पडते. खर्चाचे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. विमान, व्हिसा, राहणे, प्रवेश शुल्क मिळून कारकुनाचे काही महिन्यांचे पगार जातात. कर्ज काढून शर्यतीला जाऊ नये. बँकेत बसून रोज जे पाहतो त्यावरून हे सांगतो.

रस्त्यावरची धाव आणि डोंगरातली धाव या दोन वेगळ्या विद्या आहेत. सिंहगड, राजगड, तोरणा या किल्ल्यांना जोडणारी शर्यत पाहा. नकाशावर अंतर थोडे दिसते, पण तेथे किलोमीटरपेक्षा चढ-उताराचे मीटर मोजावे लागतात. युरोपात मॉं ब्लां पर्वताला वळसा घालणारी शर्यत सुमारे १७० किलोमीटरची. तिचा एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास जातो. तेथे धावणे कमी आणि झपाझप चालणे अधिक.

डोंगरी शर्यत निवडताना आयोजकांना चार प्रश्न निर्भीडपणे विचारावेत. मदतीचे थांबे किती अंतरावर? वाटेत जखमी झाल्यास खाली कसे आणणार? हवामान बिघडल्यास शर्यत थांबवण्याचा निर्णय कोण घेणार? सोबत काय बाळगणे सक्तीचे? हे प्रश्न भित्रेपणाचे नव्हेत. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत भर दुपारी गारपीट, थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गारठून मरण पावले. त्यांत देशातले नामांकित धावपटू होते. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनमध्ये होते. वाऱ्या-पावसाचे जाकीट जवळ बाळगणे सक्तीचे नव्हते. एका मेंढपाळाने गुहेत शेकोटी करून सहा जणांचे प्राण वाचवले. शिट्टी, कपाळावरचा दिवा, पातळ जाकीट आणि अंगाभोवती गुंडाळायचा चकचकीत कागद यांचे वजन मिळून अर्धा किलोच्या घरात. तेवढ्या वजनासाठी कुरकुर करणाऱ्यास आमच्या गटात डोंगरावर नेत नाहीत.

तयारीबद्दल. धावण्याची ताकद आवर्ती ठेवीसारखी वाढते. दर आठवड्याला थोडे भरत राहावे. एकदम मोठी रक्कम शरीर स्वीकारत नाही. पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या माणसाने अल्ट्रासाठी साधारण पाच-सहा महिने राखून ठेवावेत. आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून फारसे वाढवू नये आणि दर तीन आठवड्यांनी एक आठवडा हलका घ्यावा. नोकरदाराला आठवड्याला ५० ते ७० किलोमीटर पुष्कळ झाले. खरी युक्ती आहे ती लागोपाठच्या दोन दिवसांत. शनिवारी २५ आणि रविवारी २०, अशी थकलेल्या पायांवरची धाव अल्ट्राच्या उत्तरार्धाची सवय लावते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, ते दिवस आम्ही यासाठी ठेवतो. मार्चअखेरीस मात्र ताळेबंदापुढे धावणे गुंडाळून ठेवावे लागते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. झोप मोडून केलेला सराव अंगाला लागत नाही. सर्वांत लांबची धाव शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी उरकावी आणि शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत आणावे.

वेगाचा हिशेब कागदावर करावा. अंतर ८८ किलोमीटर आणि मुदत बारा तासांची धरली, तर सरासरी किलोमीटरला ८ मिनिटे ११ सेकंद येते. आता ७४ किलोमीटर साडेसात मिनिटांच्या चालीने धावले आणि १४ किलोमीटर अकरा मिनिटांच्या चालीने चालले, तर ७०९ मिनिटे होतात. ११ मिनिटे हातात उरतात. म्हणजे चढावर चालणे ही शरम नसून योजना आहे. पण ते पहिल्या चढापासून चालावे. दम संपल्यावर चालणाऱ्याची चाल अकरा मिनिटांची राहत नाही.

आमच्या गटातले दोघे उताराच्या वर्षी कॉम्रेड्सला जाऊन आले. एकाला पदक मिळाले. दुसरा त्याच्याहून वेगवान, पण फील्ड्स हिलचा लांबलचक उतार संपता संपता त्याच्या मांड्यांनी दगा दिला आणि पुढच्या थांब्यावर वेळ संपल्याने त्याला बसमध्ये बसवण्यात आले. त्याने सांगितले की चढापेक्षा उतार माणसाला मारतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे त्याची झीज अधिक होते. तेव्हापासून आम्ही महिन्यातून दोनदा सिंहगडचा घाट मुद्दाम उतरून सराव करतो, लहान पावले टाकत. चढताना लागणाऱ्या दमापेक्षा दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना उतरताना होणारे हाल मोठे.

खाण्यापिण्याचे नियम साधे. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ मिळतात. कॉम्रेड्सच्या टेबलांवर मीठ लावलेले उकडलेले बटाटे असतात, हे ऐकून आमच्या घरच्या मंडळींना फार बरे वाटले. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, केळे, बटाटा यांवर आमचे भागते. महागडी पाकिटे घ्यायची तर घ्यावीत, पण जे सरावात खाल्ले नाही ते शर्यतीत खाऊ नये.

पाण्याबद्दल मात्र एक गैरसमज जीवघेणा आहे. तहान नसतानाही पीत राहावे, असे पुष्कळ जण सांगतात. अति पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते, माणूस बरळू लागतो आणि प्रसंगी दगावतो. दक्षिण आफ्रिकेतले डॉ. टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा धावपटूंची नोंद प्रसिद्ध केली. तहानेप्रमाणे प्यावे, हा नियम. शर्यतीत वजन घटण्याऐवजी वाढले तर ती धोक्याची खूण समजावी. त्याचप्रमाणे वेदनाशामक गोळ्या खिशात ठेवून धावू नये. उन्हात आटलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर घाला घालतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर धाव तेथेच थांबवून दवाखाना गाठावा.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच घरात हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छातीत दाब आला किंवा भोवळ आली, तर ‘सवय होईल’ म्हणून ढकलू नये. भगिनींनी पहाटे अंधारात एकट्याने धावावे असे आम्ही सांगणार नाही, पण त्या कारणाने त्यांनी घरी बसावे हेही आम्हांस मान्य नाही. गटाने निघावे. आमच्या गटात सध्या तिघी आहेत आणि वेळेवर येण्यात त्या पुरुषांच्या पुढे आहेत. कपड्यांवर फार खर्च नको. बूट मात्र नीट, बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून घ्यावेत आणि घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावावे. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

विद्यार्थी मित्र विचारतील, आमचे काय? कॉम्रेड्सला वयाची अट वीस वर्षांची आहे. तोवर पाच आणि दहा किलोमीटर चांगले धावायला शिका. वेग तरुणपणी येतो, दम नंतरही कमावता येतो. रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही संस्थेच्या फाटकाशी जमतो. या रविवारी आठ किलोमीटर आहेत, परत आल्यावर चहा. येताना पाण्याची बाटली आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात असू द्या.