घरातली मंडळी आणि तिच्या कारभारणी



इसवी सन ५७च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथहून रोमच्या ख्रिस्ती मंडळीला एक लांबलचक पत्र लिहिले. त्याच्या पहिल्या पंधरा अध्यायांवर भाष्यांचे डोंगर उभे राहिले. सोळाव्यापाशी मात्र फारसे कोणी रेंगाळत नाही, कारण त्यात नुसते सलाम आहेत : अमक्याला सलाम सांगा, तमकीला सांगा. मला विचाराल, तर आजच्या विषयाचा, म्हणजे आरंभीच्या मंडळीतल्या स्त्रियांच्या कारभाराचा, सर्वांत भक्कम पुरावा या सलामांतच आहे. सिद्धांत मांडताना माणूस शब्द तोलून वापरतो. ओळखीपाळखीच्यांची नावे घेताना तो इतका सावध नसतो.

पहिलेच नाव फिबीचे. किंख्रिया हे करिंथचे बंदर. तिथल्या मंडळीची ती डीकन, म्हणजे सेवापद सांभाळणारी, आणि खुद्द पौलासह अनेकांची आश्रयदाती. हे पत्र रोमला बहुधा तिनेच पोचवले. मग प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला. तंबू शिवणारे हे जोडपे क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवल्यावर करिंथला आले, तिथून इफिसला गेले. अपुल्लो नावाच्या फर्ड्या वक्त्याला घरी नेऊन धर्ममार्ग अधिक नीट समजावून दिला तो या दोघांनी. पौल बायकोचे नाव आधी घेतो, हेही नजरेआड करू नका. पुढे मरिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. आणि यूनिया, जिला तो प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. मध्ययुगातल्या काही भाष्यकारांनी या यूनियेला पुरुष ठरवून टाकले. चौथ्या शतकातल्या जॉन क्रिसोस्तोम या बिशपला मात्र ती बाई असल्याबद्दल शंका नव्हती. तिच्या शहाणपणाची तो तोंड भरून स्तुती करतो.

हे शक्य कसे झाले? माझे उत्तर साधे आहे : घरामुळे. या मंडळीला देऊळ नव्हते, सभागृह नव्हते. फिलिप्पैत जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियेचे घर होते, लवदिकियाच्या बाजूला निंफेचे होते. उपासनेचा गाभा म्हणजे एकत्र जेवण. घर जिचे, पंगत जिची, तिचाच कारभार. सीरियातल्या दुरा-युरोपस गावी तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले. मधली भिंत पाडून बैठकीची खोली मोठी केलेली, बाजूला बाप्तिस्म्याची खोली, आणि तिच्या भिंतीवर ओळीने चालत येणाऱ्या स्त्रियांचे चित्र.

या उत्तराला एक अडचण आहे, ती लपवत नाही. ११२च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की, ख्रिस्ती लोकांचे खरे काय ते काढून घेण्यासाठी आपण दोन दासींचे हाल केले. या दासी त्यांच्या मंडळीत सेविका म्हणवल्या जात. त्यांना कुठले घर आणि कुठली पंगत? म्हणजे केवळ मालमत्तेने पद मिळत नव्हते. बाई दासी असली तरी मंडळी तिला मानत होती.

विरोध नव्हता असे नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात. चौदाव्यात त्यांना गप्प बसायला सांगितले आहे. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र तर त्यांना शिकवण्याचीच मनाई करते. हे पत्र नंतरच्या कोणी पौलाच्या नावे लिहिले असे बरेच अभ्यासक मानतात. पण मनाई होते ती चालू असलेल्या गोष्टीलाच. २००च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्लियन चिडून लिहितो की, काही बाया थेक्ला या पौलाच्या शिष्येच्या कथेचा दाखला देऊन शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क सांगतात.

जाता जाता एक गोष्ट आपल्या घरची. १८८०च्या दशकात पंडिता रमाबाई इंग्लंडात चेल्टनमला होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवले तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, या आशयाचे रोखठोक उत्तर बाईंनी दिले.

पुन्हा आरंभीच्या मंडळीकडे वळू. चौथ्या शतकात चित्र पालटले. कॉन्स्टंटाइनच्या आश्रयाने मंडळी घरातून बॅसिलिकेत आली, बिशप सार्वजनिक पुढारी झाला. आणि चव्हाट्यावरचा कारभार पुरुषाचा, हा रोमन समज वेदीपर्यंत पोचला. लवदिकियाच्या धर्मसभेने स्त्रियांना वेदीच्या जागी जायलाच बंदी केली.

तरी पूर्वेकडे स्त्री-डीकन टिकली, आणि तिच्या टिकण्याचे कारण अगदी व्यवहारी होते. बाप्तिस्मा मोठ्या माणसांचा होई, वस्त्रे उतरवून, अंगाला तेल लावून. स्त्रीला तेल लावायला स्त्रीच हवी, असे तिसऱ्या शतकातला सीरियातला ‘दिदास्कालिया’ हा नियमग्रंथ सांगतो. परधर्मीयांच्या घरातल्या आजारी ख्रिस्ती बायकांकडे पुरुषाला पाठवणे बरे नव्हे, हेही सांगतो. कॉन्स्टँटिनोपलची गडगंज श्रीमंत विधवा ओलिंपियास अशीच डीकन होती. क्रिसोस्तोमने हद्दपारीतून तिला लिहिलेली सतरा पत्रे आज उपलब्ध आहेत. पुरोहितपद स्त्रियांना नाही, असे ठासून लिहिणाराही हाच क्रिसोस्तोम. ४५१च्या खल्केदोन सभेने या पदासाठी किमान वय चाळीस ठरवले, आणि ५३५मध्ये जस्टिनियनने राजधानीच्या मुख्य चर्चमधल्या स्त्री-डीकनांची संख्या चाळीसवर बांधून दिली; पुरुष डीकन शंभर.

पश्चिमेत गॉलमधल्या ओरांजच्या सभेने ४४१मध्येच हे पद बंद करायला सांगितले होते. पूर्वेत ते हळूहळू विरले, कारण बाप्तिस्मा आता तान्ह्या बाळांचा होऊ लागला आणि तेल लावण्याचे काम उरले नाही. पण आठव्या शतकातल्या एका बायझंटाइन प्रार्थनापोथीत तिच्या दीक्षेचा विधी शाबूत आहे. तो वेदीपाशीच होतो. बिशप तिच्या डोक्यावर हात ठेवतो, तिच्या हाती प्याला देतो आणि ती तो वेदीवर ठेवते. हा नुसता आशीर्वाद होता, दीक्षा नव्हे, असे म्हणणाऱ्यांना आधी या पोथीचे काय करायचे ते सांगावे लागेल. अलेक्झांड्रियाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने २०२४मध्ये झिंबाब्वेत एका स्त्रीला डीकनपदाची दीक्षा दिली, आणि वाद पुन्हा पेटला.