पायांनी चालणारी पाणबुडी



लालबाग-परळच्या वस्तीपासून माझगावची गोदी फारशी दूर नाही. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शाल्की’ ह्याच गोदीत तयार झाली व 7 फेब्रुवारी 1992 रोजी नौदलात दाखल झाली. तेथील शाळेतील मुलास पाणबुडीचे चित्र काढावयास सांगितले, तर तो लोखंडी नळा काढील व आत कोरड्या जागी खलाशी बसवील. जिला इंजिन नाही आणि जी आतून पाण्याने काठोकाठ भरलेली असते, अशीही पाणबुडी आहे, असे त्यास सांगावे. तो हसेल. त्या हसण्यापासूनच पाठास प्रारंभ करावा.

अमेरिकेत 1989 साली अशा पाणबुड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपली नौका स्वतः आखतात व स्वतःच बांधतात. आतील विद्यार्थी पालथा निजून सायकलीप्रमाणे पायडल मारतो, त्यामुळे मागचा पंखा फिरतो. श्वासासाठी हवेचे नळकांडे जवळ असते. आत पाणी का भरावयाचे? आत हवा कोंडली तर नौका वर तरंगू पाहील, तिला बुडविण्यास जड वजने लागतील आणि बाहेरच्या दाबास तोंड देण्यासाठी कवच जाड करावे लागेल. दोन्ही बाजूंस पाणी असले म्हणजे पातळ कवचही पुरते. अर्थात आतले सारे पाणीही बरोबर ओढावे लागते, ही त्यातील गोम आहे.

माँट्रियल येथील तंत्रविद्यालयाच्या ‘ओमेर 5’ ह्या नौकेने 2007 साली 8.035 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर, वेग गाठला. दादरच्या रस्त्याने सावकाश जाणारा सायकलस्वारही एवढे अंतर तासाभरात तोडतो! पण पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट आहे, आणि त्यात वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती सुमारे आठपट लागते. माणसाच्या पायांत ती कोठून येणार? म्हणूनच सारी बुद्धी कवचाच्या आकारात व पंख्याच्या पात्यांत खर्ची पडते. कित्येक नौका पहिल्या फेरीत सरळ जातही नाहीत. तळास टेकतात किंवा वर येतात. विद्यार्थी त्या बाहेर काढून पुन्हा दुरुस्त करतात.

येथे जिवाशी गाठ असते, हे मात्र मुलांपासून लपवू नये. 1864 साली अमेरिकेच्या यादवीत ‘हन्ली’ ही हातांनी फिरविण्याची पाणबुडी शत्रूचे जहाज बुडवून स्वतः आठही माणसांसह नाहीशी झाली. शर्यतीच्या नौकेत यास्तव एक मूठ असते. ती सतत दाबून धरावी लागते. हात सुटला की रंगीत तरंगा पृष्ठभागावर येतो व जवळ थांबलेले पाणबुडे धाव घेतात. वेगाच्या आकड्याहून ही मूठ अधिक वेळ समजावून द्यावी.

प्रयोगास साहित्य फारसे नको. पाण्याने भरलेल्या टबात पाटी प्रथम रुंद बाजूने व मग कडेने सरकवावयास लावावी, आणि कोणत्या वेळी हात लवकर दुखला, हे प्रत्येक मुलास विचारावे.