बोटांवरची बाराखडी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि १९७९ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी ‘परदेशातले अनुभव’ सांगायला बजावलं आहे. मेलबर्नला लेकीकडे राहून मला तीन वर्षं झाली. पण तिथले समुद्रकिनारे आणि कांगारू तुम्ही टीव्हीवर पाहिलेच आहेत. या वयात मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, तेवढंच सांगते.

माझी नात पाच वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाला यंत्र आहे, पण अंघोळीला आणि झोपताना ते काढून ठेवावं लागतं. आणि नातवंडांच्या खऱ्या गप्पा नेमक्या तेव्हाच रंगतात, हे इथल्या आज्यांना मी काय सांगणार! म्हणून मी ऑस्लानच्या वर्गाला नाव घातलं.

ऑस्लान ही ऑस्ट्रेलियातल्या कर्णबधिरांची भाषा. हातांनी केलेली इंग्रजीची नक्कल नव्हे, तिचं व्याकरण वेगळं आहे. तिचं मूळ मुख्यतः ब्रिटिश सांकेतिक भाषेत. १८६० मध्ये सिडनी आणि मेलबर्नला कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, त्या काढणारे थॉमस पॅटिसन आणि फ्रेडरिक रोज दोघेही स्वतः कर्णबधिर होते. तिचा पहिला मोठा शब्दकोश मात्र १९८९ चा, म्हणजे आपण शाळा सोडल्यानंतरचा!

आमच्या बाईही कर्णबधिर. वर्गात तोंडाने बोलायला बंदी. (माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणींनो, हसू नका.) इंग्रजी मुळाक्षरं दोन्ही हातांनी करायची, त्यातले पाच स्वर पाच बोटांच्या टोकांवर: अंगठ्यावर ‘ए’, करंगळीवर ‘यू’. हनुवटीपासून तळहात पुढे आणला की ‘थँक यू’. अंगठा वर म्हणजे चांगलं आणि करंगळी वर म्हणजे वाईट. आता आपल्याकडे अंगठा दाखवला तर तो ठेंगा, आणि करंगळी वर केली की “बाई, जाऊ का?” त्यामुळे बाईंनी गंभीर चेहऱ्याने करंगळी दाखवून “आज हवा वाईट” म्हटलं, की मला आपला सहावीचा वर्ग आठवायचा.

प्रश्न भुवयांनी विचारायचा. ‘हो की नाही’ असा असेल तर भुवया वर, ‘काय’, ‘कुठे’ असेल तर आक्रसलेल्या. आपल्या गणिताच्या सरांना हे न शिकताच येत होतं! प्रश्नाचा शब्दही बऱ्याचदा शेवटी येतो, “नाव तुझं काय?” अशा धर्तीवर. वर्गातले इंग्रजी बोलणारे तिथे अडखळत. मला मराठीने हात दिला.

पोळी, वरणभात यांच्या खुणा कुठल्या शब्दकोशात मिळणार? बाई म्हणाल्या, घरातल्या घरात नातीबरोबर ठरवा. पण माणसाला खुणेचं नाव कर्णबधिरांनीच द्यायचं, अशी तिथली रीत. माझं नाव नातीने ठेवलं: मानेमागे मूठ. म्हणजे माझा अंबाडा.

सकाळी माझी बोटं आखडतात. संधिवात आहे, तो वाढणार. त्यामुळे मला घाई आहे. रोज दहा शब्द, कोमट पाण्यात हात बुडवून झाले की लगेच. रात्री गोष्ट सांगायची तर दिवा लागतो. तो मालवला की बोलणं संपलं, म्हणून ती मालवू देत नाही. परवा मीच मालवला, तर अंधारात तिने माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या बोटांनी माझ्या बोटांवर एकेक अक्षर लावत विचारलं, उद्या कोणती गोष्ट?

आता ती लेकीच्या फोनवर हा कार्यक्रम बघते आहे. टाळ्या वाजवल्यात तर तिला नीट कळणार नाहीत. दोन्ही हात वर करा आणि पंजे हलवा. सर, तुम्हीसुद्धा!