दशहरी खायचा, पण पोळी सोडून

लखनऊच्या चौकात तंदूरमधून केशरी शीरमाल निघतो, तेव्हा वासानंच भूक चाळवते. मैदा, दूध, तूप, साखर, सगळं एकाच रोटीत! टाइप २ मधुमेह असलेल्यांची रक्तशर्करा उसळते ती बहुधा कबाबापेक्षा या शीरमालामुळे.

मग जूनमध्ये जवळच्या मलिहाबादचा दशहरी येतो. ‘आंबा बंद’ असं घरोघरी बजावलं जातं. ते तितकंसं खरं नाही. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळपास एका फुलक्याइतकी. लहानसा दशहरी खायचा, तर ताटातली एक पोळी कमी करायची. आमरस मात्र नकोच: एका वाटीत दोन आंबे कधी रिचतात, कळतही नाही.

जेवणाचा क्रमही कामाचा. आधी काकडी-मुळा, मग डाळ किंवा कबाब, शेवटी पोळी-भात. असं जेवल्यास साखर कमी चढते. वर दहा-पंधरा मिनिटं चालणं.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात अंदाजे १०.१ कोटी मधुमेही होते. उत्तर प्रदेशात मधुमेहींपेक्षा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचेच जास्त.

इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर जेवण चुकवू नका आणि आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.