दोन संगणक आणि एक यादी

आम्ही परतवाड्याहून बोलतोय. आज पापड-लोणच्याचा विषय नाही, संगणकाचा आहे. पण रेडिओ बंद करू नका, गोष्ट हप्त्याच्या पैशांची आहे.

आमचे काही गट इथे खाली अचलपूर तालुक्यात, तर काही वर चिखलदऱ्याकडे. बैठकीची आणि हप्त्याची आठवण प्रत्येकीच्या मोबाइलवर पाठवायचं काम आम्ही संगणकावर सोपवलं. अशा प्रोग्रामला शेड्यूलर म्हणतात. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय करायचं, हे त्यात एकदा लिहून ठेवायचं. वर रेंज सारखी जाते, म्हणून तिथेही एक संगणक बसवला आणि इथली सगळी यादी जशीच्या तशी त्यात उतरवली. चूक तिथेच झाली, आणि ती आमचीच.

खालून मेसेज वेळेवर गेला. वरच्या संगणकाचा मेसेज रेंजअभावी अडकला, तो दोन दिवसांनी सुटला. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आमच्या एका ताईंनी पहिल्या मेसेजवर हप्ता भरला होता. दुसरा पाहून त्यांनी व्याजाने पैसे काढले आणि परत भरला. हिशोबात तो आगाऊ हप्ता म्हणून लिहिला गेला, त्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. "मले वाटलं, मागचा एक राहून गेला असन," एवढंच त्या म्हणाल्या. मेसेजमध्ये महिना नव्हता, हप्त्याचा नंबरही नव्हता. त्यांना तरी कसं कळणार? गटाने पैसे परत दिले, व्याज आम्ही भरलं.

मग घाबरून दोन्हीकडच्या याद्या छाटल्या, तर एका गावाला आठवणच गेली नाही. वरच्यांना वाटलं खालून जाईल, खालच्यांना वाटलं वरून. आपल्या शकुंतलेचं बरं होतं बाई, एकच गाडी, तिचा गोंधळ कुणाशी होणार!

आता प्रत्येक संगणकाला नाव आहे, 'परतवाडा' आणि 'डोंगर'. प्रत्येक गट एकाच नावाखाली. प्रत्येक मेसेजवर महिना आणि हप्त्याचा नंबर. 'डोंगर' आपली यादी स्वतःच्या घड्याळावर चालवतो, इथून हुकूम यायची वाट पाहत नाही. मेसेज रेंज आल्यावर सुटतात, आणि कोणते सुटले, कोणते राहिले, तो हिशोब मागाहून इकडे येतो.

सगळ्यात मोठा प्रश्न होता, 'डोंगर' गप्प झाला तर 'परतवाडा'ने त्याचं काम आपणहून उचलावं का? आधी आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. पण रेंज गेली म्हणजे संगणक बंद पडला असं नाही, तो तिकडे चालूच असतो. इकडून काम उचललं की पुन्हा दोन मेसेज. म्हणून माणसाने विचारून खात्री केल्याशिवाय काम हलवायचं नाही, असं ठरवलं.

लाइट जाण्याचं वेगळंच. संगणकाच्या आत घड्याळासाठी रुपयाएवढा सेल असतो. तो संपला की लाइट गेल्यावर तारीख चुकते, आणि चुकलेल्या तारखेवर शेड्यूलर मुकाट चालतो. तेव्हा कुणाकडे असा संगणक असेल तर आधी सेल बघा. आणि ठरलेल्या वेळी लाइट नसेल तर? साधा शेड्यूलर, क्रॉन म्हणतात त्याला, चुकलेलं काम सोडून देतो. अ‍ॅनाक्रॉन नावाचा दुसरा ते नंतर उरकतो. आम्ही कामाप्रमाणे ठरवलं. बैठक होऊन गेल्यावर आठवण कशाला? ती सोडायची. हप्त्याची मात्र उशिरा का होईना, पाठवायची, पण एकदाच.

'डोंगर'ने रोज सकाळी सातला 'चालू आहे' एवढा निरोप पाठवायचा असतो. आज तो आलेला नाही. हे बोलणं आटोपलं की तिथल्या ताईंना फोन लावतो, आणि नाही लागला तर दुपारच्या एसटीने चिठ्ठी.